त्यांची आंघोळ आणि स्कूटरचा सूर

आमच्या स्कूटरला आंघोळीनंतरच सूर लागतो, असं टी. टी. नगरातल्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीत वीसेक वर्षं सगळे मानत होते. आंघोळ स्कूटरची नव्हे, माझ्या नवऱ्याची.

सासरे ऑफिसाबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. नवरा सरकारी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. लग्न होऊन मी आले तेव्हा घरात एक सायकल होती. स्कूटर नंतर आली, तीही कुणीतरी वापरून सोडलेली. दोन मुलं, मी आणि पुढे उभा केलेला गॅसचा सिलिंडर एवढं ओझं घेऊन ती चढावर रडायची. म्हणून त्यांनी इंजिन उघडून पिस्टनचं बोअर मोठं करून घेतलं आणि मूळचा कार्बोरेटर काढून तिथे मोटारसायकलचा मोठा बसवला. बसवला म्हणजे काय, दोन महिने त्याच्याशी भांडले. पत्रा कापला, रबराचा पाइप तीनदा बदलला. शेवटी ती चढ चढायला लागली, पण दर आठवड्याला तिचं काहीतरी बिनसायचं.

म्हणून रविवारची सकाळ ट्यूनिंगची. ते बनियनवर पाट घेऊन अंगणात बसायचे. त्या कार्बोरेटरला दोन स्क्रू होते. एक इंजिन बसल्या जागी किती जोरात फिरावं त्याचा, दुसरा हवेचा. हवेचा स्क्रू आत नेला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त, बाहेर काढला की उलट. ते आधी तो पूर्ण आत नेत आणि मग मोठ्याने मोजत बाहेर काढत. अर्धा. एक. दीड. दीड फेऱ्याला थांबत. त्याच्या पुढे ते कधी गेले नाहीत, कारण दीड त्यांना कुणा उस्तादाने सांगितलं होतं.

मग किक. मग धूर. स्कूटर उभी असायची माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कारण अंगणात सावली तेवढीच होती.

एका उन्हाळ्यात मी कुरडया घातल्या. तिथेच अंगणात वाळल्या, डब्यात भरल्या. नणंद आली तेव्हा तळून दिल्या. तिने एक तोंडात टाकली आणि विचारलं, "वहिनी, या कुरडया कुठल्या पंपावर मिळाल्या?"

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, स्कूटर धूर फार करते. स्क्रू जरा आणखी बाहेर काढून बघा की."

"टू-स्ट्रोक आहे. धूर होणारच," ते म्हणाले. "तू तुझी फोडणी बघ."

मी फोडणी बघितली. त्याबरोबर दुसरंही काही बघितलं. माझ्याकडे शिलाई मशीन होतं आणि त्याच्या खणात एक छोटा पेचकस होता. मशीनलाही दोऱ्याचा ताण धरणारा एक स्क्रू असतो. तो जरा फिरवला की टाका बदलतो, जास्त फिरवला की दोरा तुटतो. मला वाटलं, स्क्रू तो स्क्रू. पुढच्या रविवारी ते ट्यूनिंग करून आंघोळीला गेले तशी मी पेचकस घेऊन अंगणात गेले. इंजिन चालूच होतं. मी स्क्रू बाहेरच्या बाजूला फिरवत गेले. पाव फेरा झाला तेव्हा धूर पातळ झाला आणि आवाजातली खरखर गेली. मी इंजिन बंद करून आत येऊन कणीक मळायला बसले.

ते ओल्या केसांनी बाहेर आले. किक मारली. स्कूटर एकदम गोड चालायला लागली. ते बराच वेळ कान देऊन उभे राहिले.

"बघ," म्हणाले. "गरम इंजिनात सूर बसत नाही. जरा गार होऊ द्यावं लागतं. मी बंद केली होती का?"

"केली असेल," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले. अर्धा. एक. दीड. मग आंघोळ. मग माझा पाव फेरा. असं ते सुरू झालं.

मला वाटलं होतं, हे आमच्या घरापुरतं राहील. पण शेजारच्या क्वार्टरमध्ये एक मोठे बाबू राहायचे, ते एकदा येऊन म्हणाले, "भाईसाहब, मेरी वाली सुबह बहुत खाँसती है." माझ्या नवऱ्याने त्यांना पूर्ण विद्या दिली. "ट्यून कीजिए, बंद कीजिए, नहाने जाइए. नहाकर किक मारिए. फ़र्क देखिए." बाबूंनी फरक बघितला. त्यांनी पुढच्या क्वार्टरला सांगितलं. होता होता रविवारी साडेआठला आमच्या ओळीतले सगळे स्कूटरवाले एकदम आंघोळीला जायला लागले आणि माझ्या नळाचं पाणी जायला लागलं. त्यांच्या स्कूटर खरंच सुधारल्या का, ते मला माहीत नाही. सुधारल्या असं ते सांगायचे. पुरुषाने स्वच्छ आंघोळ केली की त्याला बरंच काही सुधारल्यासारखं वाटतं.

नवऱ्याला लिहून ठेवायची सवय होती. एका वहीत ऑइल किती, प्लग कधी बदलला, वायर कुठून आणली, सगळं होतं. शेवटच्या पानावर चौकट करून लिहिलं होतं: "हवेचा स्क्रू दीड फेरा. त्यानंतर इंजिनाला एका आंघोळीइतकी विश्रांती. घाई करू नये." खाली दोन रेघा.

ते जाऊन सात वर्षं झाली. आता मी मुलाकडे अरेरा कॉलनीत असते. स्कूटर मागच्या बाजूला प्लास्टिकखाली उभी होती. मुलगा ऑफिसात काम करतो आणि घरातली प्रत्येक जुनी वस्तू बघून त्याला धूळ आठवते. नात मात्र वेगळी निघाली. तेवीस वर्षांची आहे, नोकरी करते, नखं रंगवते आणि त्याच नखांनी ग्रीस काढते. गेल्या वर्षी तिला ती वही सापडली आणि तिने स्कूटर उघडली. चार महिने सुट्टीच्या दिवशी ती मागेच असायची. टाकी धुतली, सील बदलले, कुठून कुठून सामान मागवलं. वहीला तिने प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं आणि हात धुतल्याशिवाय ती वहीला हात लावत नसे.

तेवढ्यात मुलाला गिऱ्हाईक भेटलं. एक कॅफेवाला. त्याला स्कूटर चालवायची नव्हती. तो इंजिन काढून टाकणार होता, तिला गुलाबी रंग देणार होता आणि भिंतीशी उभी करणार होता, म्हणजे येणारी मुलं तिच्यावर बसून फोटो काढतील. मुलाने हो म्हटलं. टेम्पो रविवारी दुपारी येणार ठरलं. नातीने दोन दिवस जेवताना तोंड उघडलं नाही. शेवटी मुलगा कंटाळून म्हणाला, "ठीक आहे. रविवारी सकाळी मला मागे बसवून चार इमलीच्या टेकडीचा चढ न थांबता चढून दाखव. चढली तर राहील. नाहीतर टेम्पो."

मुलगा माझा असला तरी सांगते, तो नव्वद किलोचा आहे.

शनिवारी सकाळी नातीने स्क्रू लावला. अर्धा, एक, दीड. मग टॉवेल घेऊन आंघोळीला गेली. मी बाहेर मटार सोलत होते. हसू आलं, ते दाबलं. ती डोक्याला टॉवेल गुंडाळून आली, किक मारली. स्कूटर चालू झाली, खोकली, धूर सोडला. कोपऱ्यापर्यंत नेली तर तिथेच बंद. प्लग काढून बघितला तर काळा कुळकुळीत. तिने पुसला, पुन्हा दीड मोजले, पुन्हा आंघोळीला गेली. तिसऱ्या वेळी सून ओरडली, "अगं, टाकी रिकामी झाली. भांडी कशाने घासू?"

तिसऱ्या आंघोळीनंतरही स्कूटर तशीच. नात पायरीवर येऊन बसली. वही मांडीवर.

"आजी, आजोबांनी लिहिलंय ते सगळं केलं," ती म्हणाली. "म्हणजे मलाच येत नाहीये."

इथे माझं हसू संपलं. नवऱ्याची चूक पोरीने स्वतःच्या माथी घ्यावी, हे काही बरोबर नव्हतं. मी तिथेच सांगायला हवं होतं. पण ते प्लास्टिकचं कव्हर बघितलं आणि वाटलं, जुना उपाय आहे हाताशी, तोच करावा. काम झाल्याशी मतलब.

रविवारी सकाळी तिने पुन्हा दीड मोजले आणि चौथी आंघोळ करायला गेली. तिचा माझ्यावर नाही इतका त्या वहीवर विश्वास. मी मशीनच्या खणातून पेचकस घेतला. गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून स्टूल नेलं. पाव फेरा बाहेर. स्टूल परत आणलं आणि मटाराच्या टोपलीपाशी बसले.

ती आली. किक मारली. इंजिन स्वच्छ चाललं. धूर नावाला.

मला वाटलं, नाचेल. ती नाचली नाही. खाली वाकून कार्बोरेटरकडे बघत राहिली.

"आजी, इकडे ये."

"काय झालं?"

"ये तर."

गेले. स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. शेजारी कार्बोरेटरवर दुसरा.

"स्क्रू आपोआप सरकतो का ते बघायला लावले होते. मी जाताना हे दोन्ही समोरासमोर होते," ती म्हणाली. "आता बघ कुठे आहेत."

"उंदीर असेल."

"पेचकस घेऊन?"

पेचकस माझ्या हातातच होता. स्टूल ठेवण्याच्या नादात खणात टाकायचा राहिला होता.

मग मी सगळं सांगितलं. कुरडया, नणंद, फोडणी, पाव फेरा, शेजारचे बाबू, नळाचं पाणी. ती आधी तोंड उघडं टाकून ऐकत होती, मग हसता हसता जमिनीवरच बसली.

"मतलब, मी काल तीनदा उगाच आंघोळ केली?"

"उगाच कशाला. केस स्वच्छ झाले."

"आणि आजोबांना? त्यांना कळलंच असेल ना? मेकॅनिक होते. कळून गप्प बसले असतील."

"नाही," मी म्हटलं. "अजिबात कळलं नव्हतं."

तिला ते आवडलं नाही. लोकांना असं आवडतं की माणसाला सगळं ठाऊक होतं आणि तो प्रेमापोटी बोलला नाही. आमच्याकडे तसं काही नव्हतं. त्यांना वाटायचं आंघोळीने होतं, मला वाटायचं धूर कमी झाला ना, बास. दोघं सुखी होतो.

"तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

"सांगितलं होतं. स्क्रू बाहेर काढा म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं. फोडणी बघ म्हणाले."

"पण पावच का? कसं ठरवलंस?"

"ठरवलं काही नाही. डोळ्यांतलं पाणी थांबलं तिथे थांबले."

मग तिने स्कूटर रस्त्यावर काढून एक फेरी मारली आणि परत आली. "आजी, उभी असताना मस्त चालते, पण एकदम रेस दिली की गुदमरते. आता पेट्रोल पूर्वीसारखं येत नाही. तुझा पावही आता बरोबर नाही."

हे मला फारसं आवडलं नाही, पण तिचं खरं होतं. मग तिने माझं स्टूल सायलेन्सरच्या मागे ठेवलं. मी धूर बघायचा, तिने आवाज ऐकायचा. ती स्क्रू केसभर केसभर आत नेत होती.

"अजून?"

"अजून जरा."

"आता?"

"बास. मागे घे. नखभर."

एका जागी माझ्या डोळ्यांना आणि तिच्या कानाला एकदमच पटलं. रेस दिली तर गुदमरली नाही. एक फेरी मारून तिने प्लग काढला तेव्हा तो दुधाच्या चहासारखा तपकिरी होता. जागा होती दीड आणि पावणेदोनच्या मधे. माझ्या बाजूला थोडी जास्त झुकलेली. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

साडेदहाला मुलगा हेल्मेट घालून आला आणि तोंड वाकडं करून मागे बसला. सून आणि मी तिच्या बॅटरीच्या स्कूटरवरून पाठोपाठ गेलो. ती गाडी इतकी गप्प चालते की पुढचं सगळं ऐकू येत होतं. चढ सुरू झाला. अर्ध्यावर स्कूटरचा वेग कमी झाला आणि मुलगा आपोआप पुढे वाकला, जसं काही वाकल्याने वजन घटणार होतं. नातीने गिअर खाली घेतला. आवाज जाड झाला, पण खोकला आला नाही. स्कूटर तशीच, दम न टाकता, बंगल्यांच्या रांगेपर्यंत वर गेली.

तिथे एका फाटकापाशी पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. तो उठून आला. "बिटिया, ये गाड़ी अब कहाँ दिखती है. किसकी है?"

नात बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "हमारी है. पिताजी ने बनाई थी."

मग त्याने हेल्मेट काढलं, फोन काढला आणि टेम्पो नको म्हणून सांगितलं. कॅफेवाला बराच वेळ बोलत होता. मुलगा नुसता "नहीं, नहीं" म्हणत होता आणि दुसऱ्या हाताने सीटवरची धूळ पुसत होता.

घरी आल्यावर नातीने वहीचं शेवटचं पान उघडलं आणि पेन माझ्यासमोर धरलं. "तू लिही."

मी चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर मोठं येतं. चौकटीखाली जागा कमी होती, तरी बसवलं: "धूर बघून लावावा. आंघोळ रोज करावी, तिचा स्कूटरशी संबंध नाही." त्यांचं मी खोडलं नाही. बाबूंची स्कूटर त्या उपायाने सुधारली होती म्हणे.

पुढच्या रविवारी नातीने ट्यूनिंग केलं, इंजिन बंद केलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून आत निघाली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"रविवार आहे, आजी. नहाना तो पड़ेगा," ती म्हणाली. "आणि तुझा पेचकस मी बरोबर नेतेय."