कॅलेंडरवरच्या निळ्या फुल्या

मुरुडच्या अंजूला नवऱ्याचा संशय आला तो भिंतीवरच्या कॅलेंडरमुळं. शिवकुमारचं बियाण्याचं दुकान, मालासाठी लातूरच्या फेऱ्या नेहमीच्याच. पण ह्या महिन्यात चार तारखांवर निळ्या पेनानं बारीक फुल्या दिसल्या. मागचं पान उलटलं, तिथं पाच.

त्या दिवशी तिचं अंग आधीच जड होतं. छाती दुखत होती, बोटातली अंगठी रुतत होती. अंजू घरीच शिवणकाम करायची; शेजारची लक्ष्मम्मा तिच्याकडं ब्लाऊज शिवायला टाकून हसत हसत गेली, तर अंजूला वाटलं, हिलाबी सगळं ठाऊक हाय.

दुपारी शिवकुमार जेवायला बसला तसं तिनं विचारलं, "ह्या फुल्या कशाच्या?"

तो चपापला. "मालाच्या."

"रविवारी कुठला माल आणला?"

"असंल कायतरी."

तिनं ताट ओढून घेतलं. "कोण हाय ती लातूरची?"

शिवकुमार हात आखडून बसला. मग हळूच म्हणाला, "तुझ्याच हाईत त्या. त्या दिवशी तू भांडलीस, न्हाईतर रडलीस. मला वाटलं, माझंच कायतरी चुकतंय. कधी चुकतं ते बघत होतो."

"म्हंजे माझे गुन्हे लिहून ठिवले!"

दोन दिवस तिनं अबोला धरला. ही त्यानं रचलेली गोष्टच, असं तिचं मन सांगत होतं. तिसऱ्या दिवशी पाळी आली, डोकं हलकं झालं. त्याचं खोटं पकडायचंच म्हणून तिनं कॅलेंडर खाली काढलं आणि आपल्या पाळीच्या तारखा आठवून लावल्या. दर महिन्याला फुल्या पाळीच्या आदल्या दिवशी थांबत होत्या. नंतरच्या पंधरवड्यात एकही नव्हती.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंना तिनं पहिलं हेच विचारलं, "मला येड लागलंय का?"

"नाही. पाळीआधी कित्येकींना असं होतं, कुणाला थोडं, कुणाला फार. दोन महिने रोजचं लिहून आणा, मग औषधाचं बघू."

आता फुल्या अंजूच मारते. संशय गेला असं न्हाई. परवा लक्ष्मम्मानं टोमणा मारला असं वाटून ती भांडायला उंबऱ्यापर्यंत गेली आणि परतली. पाळी आल्यावर टोमणा काय होता तेच आठवेना. तिच्या ब्लाऊजचं कापड मात्र मोजल्यावर खरंच वीतभर कमी भरलं. तेवढं तिनं लक्ष्मम्माकडनं ठणकावून मागून घेतलं.