मामंजींच्या मागून डोंगरावर

मामंजींना राग आला की ते चालायला लागायचे. ओरडणं नाही, भांडं आपटणं नाही. जेवताना कुणी लागेलसं बोललं तर ताटावरून उठायचे, हात धुवायचे आणि अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालायचे. एक पाऊल पुरतं टेकल्याशिवाय दुसरं उचलत नसत. तोवर घरात कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेत नसे. मी नवी सून. मला वाटलं, सासरा भारी शांत आहे. सासूबाईंनी चुलीपाशी हळूच सांगितलं, "शांत नाई बाई. वाघ हायेत ते. सोताले बांधून ठेवतात."

मेडशीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, आठवडी बाजार आणि मामंजी व त्यांचे धाकटे भाऊ काकाजी, या दोघांत मिळून एक विहीर. मी या घरात यायच्या कितीतरी आधी मोटेच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत वाद झाला. मामंजींनी बैलबंडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसली आणि धाकट्या भावाच्या डाव्या कानामागं हाणली. काकाजी जगले, पण त्या कानानं ऐकू येणं कायमचं गेलं. ते वेगळे निघाले. विहीर तीच राहिली, बांध तोच राहिला, फक्त मामंजींशी बोलणं संपलं. मामंजी पहिलं पाणी त्यांना सोडत. काकाजी ते घेत आणि पाठ फिरवत.

त्याच वर्षी मामंजी डोंगरावरच्या महादेवाच्या देवळात एकटेच जाऊन राहिले. पुढं दर माघात, ज्वारी घरात आली की जाऊ लागले. हळूहळू गावातली चारदोन माणसंही त्यांच्या मागं निघाली. तिथं कुणी बोलायचं नाही. झऱ्याचं पाणी, सोबत नेलेल्या भाकरी, आणि सकाळ-संध्याकाळ कड्याकडच्या पायवाटेनं एकामागं एक चालायचं. मामंजी कुणाला मंत्र देत नसत, उपदेश करत नसत. निघण्याआधी एवढंच सांगत, "पाय टेकला हे पायाले समजू द्या, मंग दुसरा उचला. तोंड बंद केलं म्हंजे मौन झालं नाई. आतलं भांडन थांबलं पायजे."

पहिलं बाळ गेल्यावर मी बोलणं टाकलं. रडूही येत नव्हतं. माघ लागला तेव्हा मामंजी दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "सूनबाई, तुयं मौन लय जड झालं. डोंगरावर चाल, थोडं तिथं खाली ठेवू."

निघालो तर वेशीपाशी काकाजी उभे. अंगावर घोंगडी, खांद्यावर कुऱ्हाड. जंगलात जाताना कुऱ्हाड सगळेच घेतात, पण त्या सकाळी सगळ्यांचे डोळे तिच्यावरच खिळले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या मागची बाई पुटपुटली, "हा काहून आला? जुनं उट्टं काढाले?" मामंजींनी भावाकडं एकदा पाहिलं आणि चालायला लागले. काकाजी बरोबर त्यांच्या पाठीशी लागले. त्यांच्या मागं मी.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. पुढं मामंजींची उघडी मान, मध्ये कुऱ्हाडीचं पातं आणि एका बाजूला कडा. पायाकडं लक्ष द्यायचं तर नजर त्या पात्यावरून हलत नव्हती. मामंजींनी मात्र एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

एका सकाळी काकाजी आमच्या आधीच उठून पुढं गेले. आम्ही वळणावर आलो तेव्हा ते अगदी कड्यालगत चालत होते. त्यांच्या डाव्या हाताला करवंदीची जाळी होती. जाळीत खसफस झाली. आम्हा सगळ्यांना ऐकू आली, त्यांना नाही. आणि काळं अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं.

मी ओरडणारच होते. मामंजींनी मागं न पाहता हात वर करून आम्हाला थांबवलं. ते धावले नाहीत. रोजच्यासारखं एकेक पाऊल टाकत जाळी आणि भाऊ यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, आणि त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

काकाजी दचकून वळले. हातभर अंतरावर भाऊ दिसला. कुऱ्हाड वर गेली. मामंजींनी तिच्याकडं पाहिलंच नाही, त्यांची नजर जाळीवर होती. काकाजींनी त्या नजरेच्या रोखानं पाहिलं आणि वर गेलेला हात तिथंच राहिला. दोघं भाऊ तसेच उभे. किती वेळ गेला, सांगता येत नाही. शेवटी अस्वलानं फुसकारा टाकला, चार पायांवर आलं आणि उतारानं निघून गेलं.

काकाजी एका दगडावर बसले. मौन त्यांनीच मोडलं.

"हाक काहून नाई मारली?"

"हाक कोन्या बाजूनं आली ते तुले समजत नाई," मामंजी म्हणाले. "तू गर्रकन फिरला असता. पायाखाली कडा होता."

"हे तुले कसं ठाऊक?"

"तवापासून पाहूनच राह्यलो."

काकाजींनी हात डाव्या कानाकडं नेला. मग म्हणाले, "आज वाचवलं म्हून माहा कान वापस येत नाई."

"नाई येत," मामंजी म्हणाले.

एवढंच. दोघं उठले, रांग पुन्हा चालू लागली. मला मात्र तिथं रडू फुटलं. देवळापर्यंत मी हुंदके देत चालले आणि कुणी मला गप्प केलं नाही.

त्यानंतर दोघं भाऊ बोलत, पण कामापुरतं. बैलाच्या खुराबद्दल, मिरचीच्या रोपाबद्दल. माफीचा शब्द मी कधी ऐकला नाही. पुढं काही वर्षांनी मामंजी तापानं गेले.

त्या माघात नेहमीची माणसं आमच्या दारात येऊन उभी राहिली. पुढं कोण चालणार, कुणाला सुचेना. काकाजी मागून आले आणि सरळ मला म्हणाले, "तू चाल."

मी पदर ओढून मान खाली घातली. इतकी वडीलधारी माणसं मागं आणि सुनेनं पुढं चालायचं?

"पदर पडला तरी चालंन," ते म्हणाले. "नजर वाटेवर ठेव."

मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. ते टेकलं. मग दुसरं उचललं.