तलावाकाठचा वाटा आणि किनाऱ्यावरची अरबी

ज्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी. पास झालो, त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या तलावाची पाळ फुटली होती. आम्ही ढिवर लोक. तलाव आहे तर चूल आहे. पाणी गेलं, त्यात सोडलेलं मासोळीचं बीज गेलं, आणि बाबांचं जाळं घरात खुंटीला टांगून राहिलं. माय एरवी टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराला जायची, ती त्या वर्षी दुसऱ्यांच्या बांधीत धानाचा रोवणा करायला गेली. पुढे दोघंही गावच्या लोकांबरोबर सिरोंच्यापलीकडे, तेलंगणात मिरची तोडायला गेले. मिरची तोडून हात असे जळतात की माणूस डोळ्याला बोट लावत नाही.

निकाल लागला तेव्हा ते तिकडेच होते. मी फोन केला.

"पास म्हणजे, आता संपलं का शिकणं?" बाबांनी विचारलं.

"हाव."

"मंग आता साहेब का तू?"

मागून माय ओरडत होती, "त्याले म्हणा, पेढा घे अन् आमच्या नावानं तूच खा."

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. हे सांगताना मी मान खाली घालत नाही, आणि तुम्हीही घालू नका.

वर्षभराने ओमानमधल्या एका मासळीच्या कंपनीत काम मिळालं. माय-बाबा मला सोडायला ब्रह्मपुरीच्या बस स्टँडवर आले होते. नागपूरची गाडी लागली तेव्हा मायने पॉलिथीनमध्ये बांधलेले सुके झिंगे माझ्या बॅगेत कोंबले.

"तिथी भेटन का नाई मच्छी," ती म्हणाली.

"अवो, तो मच्छीच्याच कंपनीत जाऊन राह्यला," बाबा म्हणाले.

"असन. पण आपली कुठी भेटते?"

गाडी सुरू झाली तशी ती खिडकीशी आली. "बाबू, तिथी तू बोलशीन कोणाशी?"

"हिंदी चालते म्हणतात माय तिथी."

"हिंदीचं नाई म्हणत मी," ती म्हणाली. मग गाडी निघाली.

आता गावातले, कॉलेजातले पोट्टे मला फोनवर विचारतात, प्रदीपभाऊ, अरबी कशी शिकलास, कोणतं ॲप घेऊ? एकेकाला सांगून थकलो, म्हणून हे लिहितो. पण ॲपचं नाव सांगून हात झटकता येत नाही. मी अरबी ॲपमुळे शिकलो नाही. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून शिकलो.

अक्षरं मात्र मी घरूनच शिकून गेलो होतो. ब्रह्मपुरीला रहीमचाचा नावाचे शिंपी आहेत. मुलाखतीची पँट त्यांच्याकडे टाकली होती. ओमानला चाललो म्हटल्यावर त्यांनी खडूने कापडाच्या चिंधीवर अलिफ, बे काढून दाखवलं. पँट झाली तरी मी जात राहिलो. ते शिवण मारत आणि मी उजवीकडून डावीकडे गिरवत बसे. एक दिवस मी त्यांना दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या एका अरबी ओळीचा अर्थ विचारला.

"बेटा, मले वाचता येते, समजत नाई," ते म्हणाले. "लहानपणी हाफिजजींनी कुराण वाचायले शिकवलं. समजायचं राहून गेलं. तू समजून घेजो अन् मले सांगजो."

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की अक्षरं माणसाकडून शिका आणि हाताने गिरवा. अरबी शब्द देवनागरीत लिहून पाठ करायचा मोह होतो. तसं करू नका. त्यांच्यात त दोन आहेत, ह दोन आहेत, आणि एक आवाज असा आहे की तो काढायला घशाला अडकलेला काटा काढल्यासारखं करावं लागतं. आपल्या अक्षरांत ते सगळं एकाच टोपल्यात पडतं.

दुसरं, घाबरू नका. ज्याने तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्याला थोडी अरबी आधीच येते. तहसील, तालुका, जिल्हा, वकील, अर्ज, तारीख, हिशेब, वजन, दुकान, साबण, हे सगळं तिकडूनच आलेलं आहे. सातबाऱ्यावर माझ्या आजोबाच्या नावापुढे 'वल्द' लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ मुलगा, हे मला ओमानमध्ये कळलं. काही शब्दांनी वाटेत अर्थ बदलले आहेत, तेव्हा सांभाळून.

मला किनाऱ्यावरच्या एका लहान गावात कंपनीच्या बर्फखोलीत लावलं. काम सोपं होतं. मासळी आली की पेटीत एक थर बर्फ, एक थर मासळी, पुन्हा बर्फ. खोलीतले सोबती केरळचे आणि बांगलादेशचे. माणसं चांगली, जेवायला बसवून घेत. पण जेवता जेवता ती आपापल्या भाषेत शिरत, आणि मी ताटाकडे पाहत बसे. माझ्याशी बोलायचं असलं तर हिंदी. कामापुरती, बर्फ आण, पेटी उचल, एवढी. गावातले दुकानदारही हिंदी जाणतात. दुकानात मला सगळे 'रफीक' म्हणत. आपल्याकडच्या सगळ्याच मजुरांना म्हणतात. त्याचा अर्थ सोबती असा आहे. सोबती म्हणवून घेत मी दिवसचे दिवस एकटा असायचो. मायने दिलेले झिंगे मी पुरवून पुरवून खाल्ले. शेवटी त्या पिशवीचा नुसता वास घेत असे.

मायचा प्रश्न कशाबद्दल होता, ते तेव्हा समजलं. दिवसभरात एकदाही 'मले' म्हणायला मिळत नव्हतं.

मग मी अरबीला लागलो. मोबाईलवर फुकटचं ॲप घेतलं. हिंदीतून अरबी शिकवणाऱ्या एका मास्तरांचे व्हिडिओ पाहिले. दुकानातून पहिलीचं वाचनाचं पुस्तक आणलं, चित्रांचं. त्याहून जास्त उपयोग झाला तो दुधाच्या आणि बिस्किटाच्या पुड्यांचा. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तेच अरबीत. फेकू नका, वाचा. रस्त्यावरच्या पाट्याही तशाच. बर्फखोलीत आवाज घुमतो, तिथे मी पेट्या अरबीत मोजायचो आणि बर्फाशी अरबीत बोलायचो. माझाच आवाज मोबाईलमध्ये भरून पुन्हा ऐकायचो. हसू नका, पाहा करून. आणि हेही लक्षात ठेवा की अरबी शब्द बहुतेक तीन अक्षरांच्या गाठीवर उभे असतात. गाठ ओळखली की किताब, लिहिणारा तो कातिब, लिहायची जागा ती मकतब, हे एकाच जाळ्याचे डोळे दिसायला लागतात.

त्याच सुमारास घरून फोन आला. पाळ दुरुस्त झाली होती आणि जाळं लावून तलाव पुन्हा ओढला होता. आमच्याकडे तलाव ओढला की काठावर मासोळीचे ढीग लावतात. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगाला हात लावून विचारतो, हा वाटा कोणाचा? पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मोठी मासोळी कोणत्या ढिगात आहे ते त्याला दिसत नाही, म्हणून भांडण होत नाही.

"तुह्या बाबानं तुह्यं नाव टाकलं यादीत," माय सांगत होती. "काका म्हणे, तो परदेशात, त्याचा वाटा काऊन? तं हे म्हणे, पाय परदेशात हाये त्याचे, नाव इथीच हाये."

"मंग?"

"मंग काय. तुह्यी मासोळी मीच खाल्ली. काटे होते लय."

मी हसलो. फोन ठेवल्यावर बराच वेळ इकडच्या समुद्राकडे पाहत बसलो. इकडे मला नाव नव्हतं.

मग हंगाम आला, कोकणात जिला तारली म्हणतात त्या मासळीचा. किनाऱ्यावर उभं राहून खरेदी करणारा आमचा माणूस आजारी आईसाठी केरळला गेला. मॅनेजरने मला बोलावलं आणि सरळ सांगितलं, हंगाम संपला की बर्फखोली बंद होईल, तिथली माणसं घरी जातील. किनाऱ्यावर अरबीत खरेदी करता येईल तो राहील. तुला येते म्हणतोस, करून दाखव.

तलावाच्या एवढ्याशा वाट्यावर घर चालत नव्हतं, तेव्हा घरी परत जाणं म्हणजे पुन्हा मिरचीची तोडणी. फक्त माझी नाही, माय-बाबांचीही. हे सांगायची कोणाला गरज नव्हती.

पहिल्या सकाळी मी किनाऱ्यावर गेलो आणि पाठ केलेलं वाक्य शुद्ध, पूर्ण, व्याकरणासकट म्हटलं. 'मला मासळी खरेदी करण्याची इच्छा आहे', असं काहीतरी. जाळं झटकणारी माणसं थांबली. सालिम नावाचा म्हातारा होता, तोंडात दात मोजकेच. त्याचं बोलणं मी इथे आपल्या बोलीत लिहितो, कारण मला ते तसंच ऐकू आलं.

"काऊन रे," तो म्हणाला, "बातम्या संपल्या का आणखी हायेत?"

सगळे हसले. मी टीव्हीवर बातम्या देणाऱ्यासारखा बोललो होतो. पुस्तकात 'मला हवं' म्हणजे 'उरीद' आणि 'काय' म्हणजे 'माज़ा'. किनाऱ्यावर ते 'अब्गा' आणि 'एश' म्हणत होते. मी शिकलेलं एकही वाक्य त्यांच्या तोंडात नव्हतं. बर्फखोलीत परत येताना मला शाळेतले बाहेरगावचे मास्तर आठवले. मी 'मले' म्हटलं की ते फळ्यावर 'मला' लिहायला लावत. मी घरी मले आणि शाळेत मला म्हणत मोठा झालो, आणि दोन्ही सांभाळलं. मग इथेही तसंच आहे, एवढंच. फळ्यावरची एक आणि घरची एक. त्यात रडण्यासारखं काय आहे?

त्यानंतर मी ॲप बाजूला ठेवलं आणि रोज सकाळी कंपनीची बर्फाची गाडी येण्याच्या आधी सालिमजवळ जाऊन बसू लागलो. तो जाळ्याच्या गाठी मारायचा. मला गाठ मारता येते, तेवढी ओळख पुरली. हा माझा सगळ्यात मोठा सल्ला आहे. घाई नसलेला एक म्हातारा शोधा, आणि त्याच्या हातातलं काम तुम्हाला येत असेल तर फारच बरं. वाचायला पुस्तकाची अरबी ठेवा, बोलायला त्याची.

एका सकाळी मोठं जाळं ओढलं. तिथेही गाव मिळूनच ओढतं. तारली चांदीसारखी वाळूवर पडली आणि वाटणीवरून भांडण सुरू झालं. जाळ्याच्या मालकाने पुतण्याचा ढीग मोठा लावला, असं कोणीतरी म्हणालं. मग सगळेच बोलू लागले. ऊन वर चढत होतं. ही मासळी नाजूक, लवकर मऊ पडते. माझी बर्फाची गाडी उभी होती. आज गाडी रिकामी गेली असती तर मॅनेजरने दुसऱ्या दिवशी मला पाठवलं नसतं.

मी सालिमजवळ गेलो आणि मोडक्यातोडक्या, किनाऱ्यावरच्या अरबीत म्हणालो, "चाचा, आमच्या गावी एक माणूस पाठ करून उभा राहतो. दुसरा ढिगाला हात लावतो. पाठवाला नाव घेतो. त्याला दिसत नाही."

त्याने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग लोकांना सांगितलं.

"पण पाठ करून उभा राहीन कोण?" जाळ्याचा मालक म्हणाला. "इथी सगळे एकमेकांचे सोयरे."

सालिमने माझ्याकडे बोट केलं. "हा राहीन. याचं इथी कोणी नाई."

ते वाक्य मी तोपर्यंत रोज स्वतःशी म्हणत होतो. दुसऱ्याच्या तोंडून, चारचौघांत, पहिल्यांदा ऐकलं. आणि कोणी हसलं नाही. मालकाने मान हलवली.

त्यांनी मला एकेकाचं नाव सांगितलं, मी घोकलं. मग समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. मागून सालिमचा आवाज आला, "हाज़ा हक मन?" हा कोणाचा? हक म्हणजे आपला हक्कच. मी म्हणालो, हमूद. पुन्हा, हाज़ा हक मन? मी म्हणालो, राशिद. नावं येत गेली, ढीग उचलले गेले. मोठा ढीग कोणाला गेला ते मला अजूनही माहीत नाही.

नावं संपली तरी पुन्हा आवाज आला, "हाज़ा हक मन?"

आता कोणाचं नाव घेऊ?

"बोल ना, वलदी," सालिम म्हणाला. वलदी, म्हणजे पोरा. "नाव काय तुह्यं?"

इतक्या महिन्यांत त्या किनाऱ्यावर हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी समुद्राकडे पाहतच सांगितलं, प्रदीप. त्यांच्यात प नाही. "बर्दीब," तो म्हणाला. "हाज़ा हक बर्दीब."

वळलो तेव्हा वाळूवर एक लहान ढीग होता. बाकीची मासळी मी कंपनीसाठी घेतली आणि गाडी भरून गेली.

संध्याकाळी मायला फोन केला. बोलताना माझ्या तोंडून 'हाव'च्या जागी 'अय्वा' निघालं.

"काय बोलून राह्यला रे?"

"हाव म्हटलं, माय."

"तं हावच म्हण ना. इथी कोणी बदललं नाई." मग तिने विचारलं, "आज काय खाल्लं?"

"वाटा आला होता माह्या नावाचा."

ती म्हणाली, "काटे पाहून खाजो."

मला एकटेपणा आता वाटत नाही असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. अरबीत मी भाव करतो, थट्टा करतो, सालिमच्या गुडघ्याची चौकशी करतो. पण ताप आला की तोंडून 'माय वो' निघतं, आणि ते समजणारं इथे कोणी नाही. सुट्टीत गावी गेलो की उलटं होतं, समुद्राची सवय झालेल्या कानाला तलाव फार मुका वाटतो. घर कुठे, असं विचाराल तर माझ्यापुरतं असं, की जिथे पाठमोरा माणूस वळून न पाहता आपलं नाव घेतो ते घर. ब्रह्मपुरीजवळच्या तलावावर बाबा अजून घेतात. रहीमचाचांना भिंतीवरच्या त्या ओळीचा अर्थ मी सुट्टीत दुकानात बसून सांगितला. ते मशीन थांबवून ऐकत होते.

बर्फखोली त्या हंगामानंतर बंद झाली. मी राहिलो. आज त्या किनाऱ्यावर कंपनीची सगळी खरेदी मी करतो, अरबीत करतो, आणि माय-बाबा मिरची तोडायला गेलेले नाहीत.