बंडप्पा मिस्त्रीचा नकार

उमरग्यात हायवेला लागून बंडप्पाचं इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. दारात कायम पाच-सहा इंजिनं पोटं उघडी टाकून पडलेली आणि त्यांच्या मधोमध पाटावर बंडप्पा. माणूस भारी भिडस्त. कुणी कसलंही भंगार आणून टाकलं, तरी त्याच्या तोंडून निघणार, "बघू की." लोक त्याला मागं बघूअप्पा म्हणत आणि त्यालाही ते मनातून आवडे.

उन्हाळा तोंडावर आला असताना धुरपदाबाई टेम्पोतून आपलं इंजिन घेऊन आल्या. हायवेवर त्यांची रसवंती. नवरा गेल्यावर त्यांनीच ती हिमतीनं चालवली. चरक फिरवणारं हे लहानसं डिझेल इंजिन त्या रोज पुसून काढायच्या आणि मगच सुरू करू द्यायच्या. झालं असं, की टाकीतलं पाणी संपून इंजिन भयंकर तापलं आणि घाबरलेल्या मुलानं, कृष्णराजनं, त्यावर थंडगार पाण्याची घागर रिकामी केली. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या मुख्य अंगाला, तडा गेला.

बंडप्पानं ब्लॉक मोकळा करून डिझेलनं धुतला. बाहेरचा तडा जेमतेम बोटभर. असले कितीतरी त्यानं सांधले होते. "बघू की," तो म्हणाला, तशा बाई निर्धास्त होऊन चहा सांगायला गेल्या.

पण हातोडीनं हलकेच ठोकलं, तर आवाज बद्द आला. बंडप्पानं ब्लॉकला रॉकेल चोळलं, जरा थांबून कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. तड्यात मुरलेलं रॉकेल पुडीवर उमटू लागलं. केसाएवढी ओली रेघ खाली उतरत थेट क्रँकच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगच्या बैठकीपर्यंत पोचली. इंजिनाचा सगळा दणका तिथंच बसतो. सांधलं असतं तर थोडे दिवस चाललंही असतं, आणि मग ऐन गर्दीत फुटलं असतं.

त्यानं हे सांगितल्यावर बाईंचा चेहरा उतरला. नवं इंजिन गळ्यात मारायचा हा बेत दिसतोय, असं त्या तोंडावर बोलल्या. बंडप्पाला ते लागलं. त्यानं ब्लॉक स्वच्छ पुसला आणि रॉकेलची चिंधी अन् पूड त्यांच्याच हातात दिली. बाईंनी सगळं स्वतः करून पाहिलं. रेघ पुन्हा उमटली.

"अक्का, ह्यो ब्लॉक न्हाय चालायचा," बंडप्पा म्हणाला. "दिवसभर तुमी त्याच्याजवळ हुब्या असता. म्या व्हय कसं म्हणू?"

बाईंनी हातातली चिंधी खाली ठेवली. "मग दुसरा कुठं घावतोय का बघा, मिस्त्री."

भंगारवाल्या हणमंतप्पाच्या ढिगात त्याच जातीचा एक ब्लॉक सापडला. वर गंज, आतला लायनर, म्हणजे पिस्टनची नळी, पार झिजलेला. बंडप्पानं तिथंच ठोकून पाहिलं, तर खणखणीत वाजला. पूडही कोरडीच राहिली. लायनर बदलता येतो. बाईंचा जुना क्रँक, हेड, चाक, सगळं त्यानं या नव्या अंगावर चढवलं.

रसवंतीवर कृष्णराजनं हँडल मारलं. इंजिन एकदा खोकलं आणि धडधडू लागलं. आवाज जरा परका वाटतोय, असं बाई म्हणाल्या. पण बंडप्पापुढं रसाचा दुसरा पेला त्यांनी न विचारताच ठेवला. तेवढ्यात हैदराबादकडं निघालेला ट्रक थांबला. बाई ऊस निवडायला वळल्या आणि बंडप्पा बाकडं रिकामं करून उभ्यानंच रस पीत राहिला.