दिनेशच्या छातीचा फोटो

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आईला सांगेन म्हणत होतो, तर तीच गेली. तुम्हाला सांगतोय ते मन हलकं करायला नाही—ते हलकं व्हायलाच नको.

मी पेणचा, रामवाडीचा. मुंबईच्या एका क्लबात पगारी फुटबॉल खेळायचो. छातीत गाठी निघाल्या. कॅन्सर. उपचार चालू असतानाच क्लबाने करार संपल्याचं मोबाइलवर कळवलं, दोन ओळींत. बरा होऊन घरी आलो, तर माणसं मला बघून आवाज खाली करायची. 'झेपेल का आता याला?'—हा प्रश्न इतक्या तोंडांतून ऐकलाय की आजही ऐकला की डोक्यात तिडीक जाते. डॉक्टर लिहून देतोय की हा धडधाकट आहे, मग तुम्ही कोण ठरवणार?

एक माणूस तसं बोलला नाही. दिनेश. रोह्याजवळच्या गावातला, घरी भात आणि वालाची शेती, स्वतः धाटावच्या केमिकल कारखान्यांच्या वसाहतीत एका कंपनीत कंत्राटी कामगार. जिल्ह्यातल्या स्पर्धांत माझ्याच जागेवर, डाव्या बगलेला खेळायचा—आणि माझ्याहून सरस, हेही आज सांगून टाकतो. शिफ्ट सुटली की तसाच मोटारसायकलवर पेणला यायचा आणि मला खाडीच्या बांधावर पळवायचा. पहिल्या दिवशी मी शंभर पावलांत खाली बसलो. "बस. पण घरी जायचं नाय," एवढंच म्हणाला. माझ्या तोंडाची चव गेली होती म्हणून त्याची आई डब्यात वालाचं बिरडं द्यायची. सहा महिने हे चाललं. कोण करतं हो एवढं?

मग दुसऱ्या एका क्लबाची निवड चाचणी आली. आम्ही दोघंही गेलो. जागा एकच होती. प्रशिक्षकाने मला बाजूला घेऊन विचारलं, तुझा दोस्त कसा आहे? आणि मी—थांबा, सांगतो. मी म्हणालो, खेळतो छान, पण धाटावला केमिकलमध्ये काम करतो ना, छाती भरते त्याची. खोकतो.

दिनेश माझ्यासमोर एकदाही खोकला नव्हता. प्रशिक्षक आमच्याच जिल्ह्यातला. धाटाव म्हटल्यावर तो पुढे काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं. त्याने विचारलंही नाही.

जागा मला मिळाली. पेणमध्ये शाल-श्रीफळ झालं, चौकात 'मृत्यूवर मात करणारा आपला खेळाडू' म्हणून फलक लागला. संताप येतो त्या फलकाचा. मात मी दिनेशवर केली होती, तीही पाठीमागून.

इथवर ठीक—छे, ठीक कसलं? पण निदान इथे तरी थांबायचं होतं. प्रशिक्षकाने नकार देताना त्याला कारण सांगून टाकलं, माझं नाव मात्र सांगितलं नाही. दिनेश घाबरला. छातीचा फोटो, एक्स-रे, काढला आणि तो घेऊन दवाखान्यातून थेट माझ्या घरी आला. "डॉक्टर बोलतो काय नाय. पण तू यातून गेलायस. तू बघ."

मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. त्यात काहीही नव्हतं. स्वतःचे असले फोटो मी वर्षभर बघितले होते, साफ छाती कशी दिसते ते मला कळत होतं. खरं बोलायची वेळ माझ्या घरात चालत आली होती. मी म्हणालो, "माझा पण आधी साफच आला होता. जपून राहा."

तेही खोटं होतं. माझ्या पहिल्याच फोटोत गाठी दिसल्या होत्या.

त्याने खेळणं सोडलं. त्याची आई पोराच्या छातीसाठी नवस बोलली. मी पुढे चार हंगाम खेळलो. माझ्या शरीरावर शंका घेतली म्हणून मी जगावर दातओठ खात होतो, आणि एका धडधाकट माणसाला मी माझ्या तोंडाने आजारी करून टाकलं. याला नीचपणाच म्हणतात, दुसरा शब्द मी शोधलेला नाही.

दिनेश अजून धाटावलाच आहे. दरवर्षी छातीचा फोटो काढतो आणि मला आणून दाखवतो. डॉक्टरपेक्षा माझ्यावर त्याचा भरवसा. गेल्या महिन्यात आला होता. मी फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणालो, "या वर्षी तरी काय नाय."