वरचा कंदील

“कोथिंबीर कुठं हाय माही? तिसऱ्या डब्यातली कोथिंबीर काढ, नाही तर मी इथून हालत नाही.”

नागपूरच्या एका चकचकीत दुकानात, संगणकावरच्या खेळांचे डबे मांडलेल्या काचेच्या कपाटासमोर, आमचे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे नवरे, ओरडत होते. काउंटरमागचा दाढीवाला माणूस एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. म्हातारा भाजीबाजार शोधत भलतीकडे शिरलाय, असं त्याला वाटत असावं. मी खेळण्यातल्या तलवारींचं निरीक्षण करत उभा राहिलो. पहाटे बालाघाट सोडलं होतं, कटंगीला साडभाऊ बसमध्ये चढले होते, तुमसरला बस बदलताना माझी कंबर बहुधा आधीच्या बसमध्येच राहिली होती. या माणसाबरोबर मी आजवर इतका फिरलोय की पायी निघालो असतो तर एव्हाना पृथ्वीला एक प्रदक्षिणा होऊन दुसरी लागली असती.

साऱ्या बालाघाट जिल्ह्यात आमच्या साडभाऊंइतका ‘वर’ घेतलेला माणूस झाला नाही आणि होणार नाही. ‘वर’ म्हणजे भाजी तोलून झाल्यावर भाजीवाली पिशवीत फुकट टाकते ती कोथिंबिरीची काडी, दोन हिरव्या मिरच्या. तुम्ही-आम्ही ती मिळाली तर घेतो. साडभाऊ आधी कोथिंबीर पाहतात, मग वांगी. कटंगीच्या बाजारात ते दिसले की भाजीवाल्या जुड्या पदराखाली लपवतात, हे मी स्वतः पाहिलंय. रामपायलीच्या रामासमोर हात पुढे करून ते प्रसाद घेतात, तो तोंडात टाकतात आणि हात पुन्हा पुढे करतात: “महाराज, वरचा.” घरातली म्हातारी माणसं सांगत की हे जन्माला येतानाही सुईणीकडे महिनाभर वर मागून बसले होते, म्हणून दहाव्यात झाले. लग्नात त्यांनी सासऱ्यांकडे बाकी काही मागितलं नाही. फक्त, “नवरीवर काय?” सासरे साधे, त्यांनी घरचं मांजर देऊन टाकलं. पुढे धाकट्या मेहुणीशी माझं लग्न झालं, तेव्हापासून ते चारचौघांत माझी ओळख करून देतात, “हे गुरुजी. मले बायकोवर भेटले.”

गंमत अशी की हाच माणूस जन्मभर धानमंडीत तुलावटी होता. रोज शेकडो पोती तोलायची, पण तिथे काटा म्हणजे काटा. एक दाणा इकडे नाही, एक दाणा तिकडे नाही. एका व्यापाऱ्याने मूठभर धान जास्त ओढलं, तर यांनी त्याच्या मुठीतून ते मोजून परत काढलं म्हणतात. मी एकदा विचारलं, “भाऊ, दुसऱ्याच्या वेळी वर नाही, अन् स्वतःच्या वेळी?” तर म्हणाले, “ते तोलणं होय गुरुजी. हे प्रेम होय. मागितल्याशिवाय कोनाचं प्रेम समजते का?”

या तत्त्वज्ञानापायी त्यांचा एक डोळा गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी उजवा केला आणि सांगितलं, डावा पुढच्या महिन्यात. साडभाऊ म्हणाले, “डावा याच्यावर वर करून टाका.” डॉक्टर नाही म्हणाले. साडभाऊ रुसले, पट्टी बांधून घरी आले आणि डावा डोळा आजपर्यंत तसाच आहे, दुधाच्या सायीसारखा. संध्याकाळ झाली की ते पायाने उंबरठा चाचपतात आणि वर सांगतात की उंबरठाच सरकलाय.

असा माणूस संगणकावरच्या खेळात कसा गेला, ते सांगायला हवं. टाळेबंदीत मंडी बंद होती आणि त्यांची एकुलती एक सोनू पुण्याहून घरी आली होती. तिने बापाला शिकवलं. इंटरनेटवरून गावोगावची माणसं एकाच वेळी एकाच किल्ल्यात शिरतात, राक्षस मारतात, खजिना शोधतात, असा तो खेळ. साडभाऊंना राक्षसांत रस नव्हता. पण सोनूने एकदा सांगितलं की खेळाचा डबा अमक्या दुकानातून घेतला तर निळं खोगीर मिळतं, तमक्या दुकानातून घेतला तर पिसांची टोपी, आणि त्या वस्तू दुसऱ्या कुठेच मिळत नाहीत. साडभाऊ ताडकन उठून बसले. “म्हंजे वर देतात?” तेव्हापासून गोंदियापासून जबलपूरपर्यंत असं दुकान राहिलं नाही जिथे आम्ही दोघं जाऊन उभे राहिलो नाही. डब्यात एक कार्ड असतं, ते खरवडलं की आकडे-अक्षरं निघतात, ती टाकली की वस्तू आपली. अक्षरं इंग्रजी, म्हणून मी.

मग सोनूने पुण्यात आपल्या पसंतीने कोर्टात लग्न केलं. साडभाऊ गेले नाहीत. माझी बायको आणि तिची बहीण गेल्या, मी गेलो, ते मंडीत पोती तोलत बसले. दोन वर्षं झाली, बापलेकीत एक फोन नाही. त्या मुलाचं नाव काय, काम काय, हे त्यांना सगळं ठाऊक होतं, पण बोलण्यात तो नुसता ‘तो’. तरी रविवारी पाच वाजले की सोनूने मागे ठेवलेल्या लॅपटॉपसमोर ते आंघोळ करून बसत. तिकडून सोनू आणि ‘तो’ किल्ल्याच्या दाराशी येत. तिघं आत शिरत. बोलणं टाइप करून, आणि तेही कामापुरतं. ‘डावीकडे.’ ‘थांबा.’ ‘मागे राक्षस.’ एवढ्यावर दोन वर्षं संसार चालला होता.

एकदा साडभाऊंनी गोंदियाची पिसांची टोपी सोनूच्या पुढ्यात टाकायचा प्रयत्न केला. मी शेजारी होतो. ते बटणं दाबत होते, टोपी काही डोक्यावरून उतरेना. त्यांच्या हिशेबी कोथिंबीर म्हणजे शेजारणीलाही अर्धी देता येते. शेवटी पलीकडून अक्षरं उमटली: ‘बाबा, दुकानातली वस्तू एकदा आपल्या नावावर चढली की दुसऱ्याला देता येत नाही.’ वर्षभरातलं तिचं ते सगळ्यात लांब वाक्य. साडभाऊंनी ते मला चारदा वाचायला लावलं. मला वाटलं, टोपीचं दुःख आहे.

आता खेळाचा नवा भाग आला होता. त्यात किल्ल्याखालचं भुयार उघडलं, आणि भुयारात असा अंधार की आपल्याच माणसाचे पाय दिसत नाहीत. पितळी कंदील फक्त नागपूरच्या या एका दुकानाच्या डब्यात, तोही पहिला माल असेपर्यंत. सोनूने नवा भाग तिघांसाठी इंटरनेटवरूनच घेतला होता, त्यात कंदील नव्हता. दोन रविवार तिघंही अंधारात भिंतींना धडकले आणि तिसऱ्या रविवारी ती आलीच नाही. ‘दिसत नाही, कंटाळा आला,’ एवढं आदल्या रविवारी लिहून गेली होती. त्यानंतर साडभाऊंना जेवण जाईना. म्हणून ही नागपूरची वारी आणि एकाच खेळाचे तीन डबे.

“तीन कायले, भाऊ?” मी बसमध्ये विचारलं होतं. “एक तुमचा, एक सोनूचा.”

“तिसरा असू दे,” ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

तर त्या तिसऱ्या डब्यात कार्डच नव्हतं. “काका, डबा सीलबंद येते. आम्ही काही टाकत नाही, काही काढत नाही,” दाढीवाला म्हणत होता. “अन् हा शेवटचा पीस होता.” साडभाऊ स्टुलावर बसले. दीड तास बसले. त्या दीड तासात दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी डबा उघडून आत कार्ड आहे का पाहायला लावलं. अखेर दाढीवाल्याने राक्षसाचं एक मोठं चित्र गुंडाळून हातात दिलं, वर दोन पिशव्या, वर पाण्याची बाटली. साडभाऊंनी सगळं घेतलं. पण परतीच्या बसमध्ये ते चित्र त्यांनी सीटखालीच सोडलं. या माणसाला वरची वस्तू विसरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

कटंगीला त्यांच्या घरी पोचल्यावर मला वाटलं, आता चहा आणि शेवटची बस. पण त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “सोनूले लाव. कार्डावरचं सांगून दे. मी हाय असं सांगू नको.”

मी लावला. कार्ड खरवडलं, एकेक अक्षर सांगितलं. ती लिहून घेत होती. “मावसाजी, हे कुठून आणलं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “नागपूरहून. माझी कंबर देऊन.” ती हसली. मग म्हणाली, “बाबा आहेत जवळ?” साडभाऊंनी जोरजोरात मान हलवली, नाही. मी म्हटलं, “नाही म्हणतात.”

मी फोन ठेवणार, तेवढ्यात साडभाऊंनी दुसरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

“हेही सांग.”

“भाऊ, हा कंदील तुमचा आहे. तिला एक दिला की.”

“सांग म्हणलं ना. त्याले लागन.”

“कोणाला?”

ते कार्डाची कड नखाने खरवडत राहिले. पोतं तोलताना काटा थरथरतो आणि थांबायला वेळ घेतो, तसा त्यांचा ओठ हलत होता. मग म्हणाले, “जावयाले.”

फोन चालूच होता. मी दुसऱ्या कार्डाची अक्षरं सांगितली. ती लिहून घेत होती की नाही, मला कळलं नाही. फक्त मध्ये एकदा ती म्हणाली, “पुन्हा सांगा मावसाजी, नीट ऐकू नाही आलं.” मी पुन्हा सांगितली. “रविवारी आम्ही दोघं येतो म्हणा. पाच वाजता,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाहेर ऊन उतरलं होतं. साडभाऊ मला बसपर्यंत पोचवायला उठले, पायाने उंबरठा चाचपत. तिन्ही रिकामे डबे त्यांनी एकावर एक रचून फळीवर ठेवले होते, देवघरात ठेवावेत तसे.

“अन् तुम्ही भाऊ?” मी विचारलं. “तुम्ही भुयारात कसे उतरणार? कंदील तर एकही राहिला नाही.”

“मले दिसते,” ते म्हणाले.