बिरप्पा मामांच्या स्मरणार्थ थंड पाणी

माझे सासरे बिरप्पा मामा कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. वळसंगला अर्धा जन्म मेंढरांमागं गेला, त्यामुळं माणसांनीही आपण हाकू तिकडं जावं असं त्यांना वाटतं. मी पूनम, त्यांची सून, म्हणजे हाकली जाणारी पहिली. त्यांना हाकणारा मात्र एकच आहे, माझा संगमेश. नऊ वर्षांचा, ऑटिझम असलेला, बोलतो अगदी मोजकं. तो तोंडातून शब्द न काढता मामांना नाचवतो.

संगमेशला तहान लागलेली कळतच नाही. वर ग्लास, बाटली, सरबत काहीही पुढं करा, ओठ घट्ट मिटून घेतो. गेल्या मे महिन्यात असाच ऊन लागून पडला, सलाईन लावावी लागली. यंदा सोलापूर पुन्हा तापलं आणि मी ग्लास घेऊन दिवसभर त्याच्या मागं फिरायला लागले.

एकदा बाजारातून येताना चौकातल्या पाणपोईपाशी तो आपण होऊन रांगेत उभा राहिला. पुढची माणसं प्यायली तसा तोही प्यायला. चांगले दोन ग्लास. मी तिथंच रडायला लागले. रांजणावर कुणा आजोबांचा हार घातलेला फोटो होता, लोकांना वाटलं मी त्यांचीच लेक.

पण पाणी पाजायला पोराला भर दुपारच्या उन्हातून न्यायचं, हे काय शहाणपण झालं? मामा म्हणाले, "पानपोईच हितं आनू की."

वऱ्हांड्यात सावलीला रांजण आला. त्याला ओलं लाल फडकं गुंडाळलं, साखळीचा ग्लास बांधला. रांगेला मामा, मी आणि शेजारच्या अमिनाभाभी. संगमेशनं सगळं नीट पाहिलं, रांजणावरच्या मोकळ्या भिंतीवर बोट ठेवलं आणि आत निघून गेला.

"फोटू पायजे त्येला," मामा म्हणाले.

आता मेलेल्या कुणाचा फोटो आणायचा कुठून? मेंढरांमागं फिरणाऱ्यांचे फोटो काढले कुणी? माझा नवरा धनाजी म्हणाला, देवाचा लावू. लावला. पोरगं ढिम्म हललं नाही. संध्याकाळी मामांनी स्वतःचाच आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, प्लास्टिकचा हार घातला आणि दिला ठोकून. त्या फोटोत तसंही माणूस जिवंत वाटत नाही.

"अण्णा, हे काय अभद्र," धनाजी कुरकुरला. मामांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. रांगेत पहिले उभे राहिले, स्वतःच्या फोटोला नमस्कार केला आणि गटागटा प्यायले. मग मी, मग भाभी, आणि आमच्या मागून संगमेश.

तेव्हापासून दिवसातून दहा वेळा ही रांग लागते. सारखं पाणी पिणं ही शहरातल्या माणसांची थेरं, असं म्हणणारे मामा आता सारखे मोरीकडं पळतात. येणारेजाणारेही थांबतात. कुणी विचारतं, कधी वारले? मामा सांगतात, "औंदाच." माणूस कसा होता? "लई चांगला."

एका दुपारी मामा आत झोपलेले असताना मोहोळचा कुणी ओळखीचा पाणी पिऊन, फोटोला हात जोडून गेला. दुसऱ्या दिवशी मामांची धाकटी बहीण, मोहोळलाच दिलेल्या आमच्या गोजाबाई आत्या, रिक्षातून उतरल्या त्या हंबरडा फोडतच. मामा रांगेत ग्लास घेऊन उभे. आत्यांचं रडणं अर्ध्यातच अडकलं. मग त्यांनी मामांना ज्या शिव्या घातल्या, त्या मी इथं सांगत नाही.

"काढ आदी त्यो फोटू. जित्या मानसाला हार घालत्यात व्हय?" त्यांनी भिंतीकडं हात नेला. मामांनी तो हात धरला.

"गोजा, गेल्या साली ह्यो दवाखान्यात पडला, तवा म्या देवाला म्हनलं, मला ने, पर ह्येला ठिव. त्येनं दोगास्नी बी ठिवलं. आता निस्ता फोटू लावून माजं काय जातंय?"

आत्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, पण आवाज तसाच चढा. "मंग आसं मेल्यालं किती दिस ऱ्हानार हायस?"

"मिरगाचा पाऊस पडूपतुर."

यावर आत्या काही बोलणार, तेवढ्यात मागून त्यांच्या पाठीत बोट टोचलं. संगमेश होता. त्या रांग अडवून उभ्या होत्या. आत्यांनी पदरानं नाक पुसलं, ग्लास भरून घेतला आणि प्यायल्या. त्यांच्या मागून माझं पोर प्यायलं.